नऊपर्यंत येतो म्हणून डोंगरावर गेलेल्यांचा धागा

घसारा | रविवार, रात्री १०:४०

आज घरी खटका उडाला. आवाज कोणाचाच चढला नाही, पण जेवताना आपापल्या ताटाखेरीज कोणी कुठे बघत नव्हतं. मुलं झोपली, आता लिहायला बसलोय.

थोडी माहिती देतो. वय ३९, दोघंही नोकरीवाले, मुलगी ९ वर्षांची, मुलगा ४ चा. आधी रस्त्यावर पळायचो, तीन वर्षांपासून ट्रेलवर. रस्त्यावर होतो तोवर घरात या विषयावर कधी बोलणंच झालं नाही. दहा किलोमीटर म्हणजे एक तास पाच मिनिटं, संपला विषय. जिन्यात माझ्या बुटांचा आवाज आला की मुलगी म्हणायची, "सात वाजले."

डोंगरात हे गणित बिघडलं. आजचा लूप (गोल फिरून सुरुवातीलाच आणणारी वाट) बाराच किलोमीटरचा, चढ ७५० मीटर. घरून साडेपाचला निघालो, गाडीने ३५ मिनिटं, सहा दहाला पळायला सुरुवात. "नऊपर्यंत येतो" असं सांगून गेलो होतो. मधली खिंड ओलांडली आणि पुढची वाट परवाच्या पावसात वाहून गेलेली. खाली नुसता घसारा. एका ठिकाणी चक्क बसून उतरलो. फोनला रेंज नाही. घरी पोचलो तेव्हा १०:३५ झाले होते.

मुलीची बुद्धिबळाची स्पर्धा दहाला होती. गाडी माझ्याकडे. बायकोने शेजाऱ्यांना उठवून त्यांच्या गाडीतून दोन्ही मुलांना नेलं. मुलगी पहिल्या डावाला बारा मिनिटं उशिरा बसली आणि हरली. "उशिरामुळे नाही हरले, वजीर दिसला नाही," असं ती स्वतः म्हणाली, आणि त्यानेच जास्त लागलं.

मी "वेळ कसा काढता" हे विचारत नाहीये. आठवड्याला पाच तास मला मिळतात, ते घरच्यांनी समजून-उमजून दिलेत. ते पाच तास सहा-सात होतात कसे आणि ते थांबवायचे कसे, हे हवंय. पाच महिन्यांनी ५० किमीची रेस आहे, २५०० मीटर चढाची. नाव घालून बसलोय.

---

उताराचा_राजा | रविवार, रात्री ११:०५

आमच्याकडे "नऊपर्यंत येतो" हे वाक्य ऐकलं की घरचे दुपारच्या जेवणाची वेळ ठरवतात. धागा वाचतोय, सल्ला देण्याच्या लायकीचा नाही.

---

दुर्बीण | रविवार, रात्री ११:३२

घसारा, तुमचेच आकडे घेऊन हिशेब करू या.

ट्रेलवाल्यांची जुनी पद्धत आहे: १०० मीटर चढ म्हणजे सपाटीवरचा एक किलोमीटर धरायचा. रेसच्या वर्गवारीतही हे गणित वापरतात. तुमचा लूप १२ किमी आणि ७५० मीटर, म्हणजे १२ + ७.५ = साडेएकोणीस किलोमीटर. तुमचा सपाटीचा वेग साडेसहा मिनिटाला किलोमीटर. झाले १२७ मिनिटं. सहा दहाला सुरू, ८:१७ ला संपलं. बूट बदलणं, पाणी पिणं, गाडी काढणं याला दहा मिनिटं. पुढे ३५ मिनिटं गाडी.

उत्तर: ९:०२.

म्हणजे वाट शाबूत असती, फोटो काढायला थांबला नसतात, बुटात खडा गेला नसता, तरी नऊला पोचत नव्हतात. घसाऱ्यावर खापर फोडू नका. (आयडीचं नाव बघता तुम्ही तसंही फोडणार नाही.)

दुसरा हिशेब आणखी जुना आहे. विल्यम नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये चालणाऱ्यांसाठी नियम दिला होता: तीन मैलांना एक तास, आणि वर प्रत्येक दोन हजार फूट चढाला आणखी एक तास. आपल्या भाषेत ताशी ५ किमी, आणि मिनिटाला दहा मीटर चढ. १२ किमीला २ तास २४ मिनिटं, ७५० मीटरला ७५ मिनिटं. एकूण ३ तास ३९ मिनिटं. ६:१० ला सुरू केलंत तर ९:४९. वर पाऊण तास बूट आणि गाडीचा. १०:३४.

तुम्ही पोचलात १०:३५ ला. १८९२ सालच्या चालणाऱ्या माणसापेक्षा एक मिनिट उशिरा.

चेष्टा बाजूला ठेवू. घरी सांगायची वेळ या दोन आकड्यांच्या मध्ये कुठेतरी असते. ओळखीची वाट असेल तर पहिल्याच्या जवळ, नवी किंवा पावसानंतरची असेल तर दुसऱ्याच्या. आणि साडेसहाचा वेग डांबरावरचा आहे. मागच्या आठ-दहा ट्रेल रनची एकूण मिनिटं काढा, त्यांना त्या 'चढ मिळवलेल्या' किलोमीटरनी भागा. घड्याळ थांबवू नका, उभे होतात तो वेळही धरा. जो आकडा येईल तो तुमचा. माझा सव्वाआठ आला होता, दोन दिवस कोणाला सांगितला नाही.

---

घसारा | रविवार, रात्री ११:५८

आत्ताच काढला. ७ मिनिटं ५० सेकंद. म्हणजे आजचा लूप माझ्यासाठी अडीच तासांचा होता आणि मी मनात दोन धरून चाललो होतो. तीन वर्षं.

---

आडवाट | सोमवार, सकाळी ६:१५

किलोमीटर ठरवून घराबाहेर पडूच नका. मिनिटं ठरवा.

माझ्याकडे दीड तास असेल तर घड्याळात पंचेचाळीस नाही, चाळीस मिनिटांचा गजर लावते. वाजला की जिथे असेन तिथून मागे. शिखर दोनशे पावलांवर दिसत असलं तरी मागे. पहिले सहा महिने फार जड गेलं. एकदा तर टोकावरचा झेंडा दिसत होता आणि वळले. आता काही वाटत नाही, डोंगर पुढच्या आठवड्यातही तिथेच असतो.

मात्र हे सुरुवातीला चढ असेल तरच. काही वाटा आधी खाली उतरतात, ओढ्यात जातात आणि येताना सगळा चढ राहतो. तिथे निम्म्या वेळेला वळलात तर फसलात. अशा ठिकाणी एक तृतीयांश वेळ झाला की परत फिरायचं.

आणि लूप हा प्रकार घाईच्या दिवशी वर्ज्य. लूपमध्ये निम्म्याच्या पुढे गेलं की मागे फिरणं आणि पुढे जाणं सारखंच लांब, पुढे काय वाढून ठेवलंय ते माहीत नाही. जाऊन-येऊन एकाच वाटेने गेलात तर उतरताना कुठला दगड हलतो ते चढताना कळलेलं असतं. लूप मी सुट्टीसाठी राखून ठेवते, जेव्हा घरी कोणाला माझी गरज नसते. असे दिवस वर्षात चार येतात.

---

उताराचा_राजा | सोमवार, सकाळी ८:४०

झेंडा दिसत असताना वळणं? तुम्हाला साष्टांग नमस्कार.

---

रात्रपाळी | सोमवार, दुपारी ३:२०

मी रुग्णालयात पाळ्यांमध्ये काम करते, आठवड्याला वेळापत्रक बदलतं. डोंगर माझ्यापासून तास-दीड तास लांब, महिन्यात दोनदा जमतो. उरलेले दिवस इमारतीचा जिना.

आमचे अकरा मजले आहेत. मी तळापासून मोजलं, साधारण ३३ मीटर. पंधरा वेळा चढले की पाचशे मीटर होतात. तास लागतो, आणि त्या तासात घरून फोन आला तर दोन मिनिटांत दारात हजर. मुलाला आठवड्यापूर्वी ताप होता, नवरा बाहेरगावी. आठव्या फेरीला तो झोपेतून उठला, शेजारच्या आजींनी हाक मारली, मी वर. डोंगरावर असते तर काय केलं असतं?

पहिल्या आठवड्यात लोकांनी विचारलं, लिफ्ट बंद आहे का. आता तिसऱ्या मजल्यावरचे काका दार उघडून "कितवी?" एवढंच विचारतात.

एक मात्र माझा कडक नियम. सहा तासांपेक्षा कमी झोप झाली असेल तर डोंगरावर जात नाही, फार तर सपाट रस्त्यावर हळू. लोक चारला उठून जातात, जरूर जावं, पण मग रात्री साडेनऊला आडवंही व्हावं. झोपेतून तास कापून घरच्यांचा वेळ वाचवला असं वाटतं, पण तो दुपारी मुलांवर ओरडण्यात निघतो. शिवाय अर्धवट झोपेत पाय नीट उचलला जात नाही. माझा घोटा दोनदा मुरगळला, दोन्ही वेळा रात्रपाळीनंतर.

---

दुर्बीण | सोमवार, दुपारी ४:०२

रात्रपाळी, उतरताना लिफ्ट की जिना?

रात्रपाळी | सोमवार, दुपारी ४:३०

लिफ्ट. गुडघ्यांना आराम.

दुर्बीण | सोमवार, दुपारी ४:४१

इथे माझं वेगळं मत आहे. डोंगरात मांड्या फोडतो तो उतार. उतरताना मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच जोर लावून धरत असतो, त्यामुळे दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पाय भरून येतात. एकदा नीट उतरून पाय भरून आले की पुढचे काही आठवडे तोच उतार तितका त्रास देत नाही. शरीर तेवढं शिकतं. ज्याला आठवड्याला डोंगर मिळत नाही त्याच्यासाठी हे वरदान आहे: दोन-तीन आठवड्यांतून एकदा जरी व्यवस्थित उतरलात तरी शिल्लक टिकते. त्यामुळे पंधरापैकी निदान चार फेऱ्या पायी उतरा, कठडा धरून का होईना.

रात्रपाळी | सोमवार, सायंकाळी ६:१०

चार पटल्या. जिन्यावर पळत नाही उतरणार पण. कोपऱ्यावर कोणीतरी बाजाराच्या पिशव्या घेऊन वर येतच असतं.

---

पळणाऱ्याची_बायको | सोमवार, रात्री ९:५०

मी पळत नाही. अकरा वर्षं पळणाऱ्या माणसाबरोबर राहते. दुसऱ्या बाजूनेही कोणी लिहावं म्हणून आयडी काढला.

घसारा, तुमच्या पाच तासांबद्दल बोलायचंय. ते पाच नाहीत.

आमच्याकडे दोन तासांचा रन असतो तेव्हा आदल्या रात्री नऊपासून बॅग भरणं सुरू होतं. पाण्याची ती मऊ पिशवी सापडत नाही, ती भांड्यांच्या कपाटात असते, कारण मागच्या वेळी त्यांनीच तिथे वाळत घातली होती. पहाटे चारला गजर, तो मला ऐकू येतो, त्यांना दुसऱ्या गजराला. मग दोन तास डोंगर, दीड तास गाडी. आल्यावर न्हाणीघरात लाल माती, जाळीवर गवताच्या काड्या आणि बारीक खडी, ती मी काढते. मग घड्याळातला नकाशा बघणं. मग "पाच मिनिटं पडतो." ती पाच मिनिटं दुपारी दीडला संपतात. रविवारी आमच्याकडे आधी लगीन कोंढाण्याचं, रायबाचं पुढच्या रविवारी बघू.

मी एकदा वहीत लिहून काढलं. दोन तासांच्या रनला घराचे सव्वासात तास गेले होते. भांडायला म्हणून लिहिलं नव्हतं, पण वही दाखवली तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत. त्यांनी खरोखर कधी मोजले नव्हते.

आमच्यात दोन गोष्टी बदलल्या. आल्यावर आडवं व्हायचं नाही. अंघोळ, आणि लगेच मुलं त्यांच्या ताब्यात, मी बाहेर. मग मी काय करते हा माझा प्रश्न. आणि ज्या दिवशी आडवंच व्हावं लागेल इतकं पळायचं असेल, तो दिवस आधी मागून घ्यायचा, पूर्ण. त्या दिवशी मी काही अपेक्षाच ठेवत नाही, त्यामुळे रागही येत नाही. वर्षात असे सहा दिवस त्यांना आहेत. मलाही सहा आहेत. मी मागच्या वर्षी पाच वापरले, सहावा पुढे ढकलून मिळत नाही म्हणतात.

उशीर झाल्याचं मला कधीच इतकं वाटलं नाही. वाट पाहताना काय वाटतं ते सांगते. साडेनऊपर्यंत राग येतो. साडेनऊनंतर भीती वाटायला लागते. आणि माणूस दारात हसत उभा राहिला की भीतीचा परत राग होतो, दुप्पट. तुमच्या बायकोने काल सकाळी शेजाऱ्यांना उठवलं, तेव्हा ती नुसती गाडी मागत नसणार.

---

घसारा | सोमवार, रात्री १०:३०

हे मी तिला वाचून दाखवलं. शेवटच्या परिच्छेदाला ती उठून आत गेली.

वही आम्हीही करतोय.

---

आडवाट | मंगळवार, सकाळी ६:०५

पळणाऱ्याची_बायको, सगळ्यालाच अनुमोदन.

भीतीबद्दल एक व्यवहाराची गोष्ट. मी घरी दोन वेळा सांगून जाते. एक परतायची, एक काळजीची. "साडेआठला येते. साडेनऊपर्यंत फोन लागला नाही तरी काही समजू नका. साडेनऊ झाले की गाडी अमुक ठिकाणी लावली आहे, वाट तमुक, शोध सुरू करा." कागदावर लिहून फ्रिजवर. मधला तास हा माझा हक्काचा नाही, तो मुरगळलेल्या घोट्याचा आहे. आणि रेंज जाण्याआधीच्या शेवटच्या वळणावर एक निरोप: "इथून पुढे फोन नाही." हे सुरू केल्यापासून नवरा शांत झोपतो. इतका शांत, की एकदा मी येऊन बेल वाजवत दहा मिनिटं उभी.

---

ओली_बाळंतीण | मंगळवार, दुपारी १:१५

बाळ अकरा आठवड्यांचं आहे. आधी ट्रेल करायचे, ३० किमीपर्यंत. आता खिडकीतून टेकडी दिसते आणि रडू येतं. कधीपासून सुरू करता येईल? लोक जास्मिन पॅरिसचं उदाहरण देतात आणि मला अजूनच कमीपणा वाटतो.

रात्रपाळी | मंगळवार, दुपारी २:५०

आधी अभिनंदन. आणि थांबा जरा.

ब्रिटनमधल्या फिजिओथेरपिस्टांनी २०१९ मध्ये बाळंतपणानंतरच्या पळण्याबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात म्हटलंय की तीन महिन्यांआधी पळणं नकोच, आणि तीन महिने झाले म्हणून लगेच चालू असंही नाही. पळताना लघवी निसटणं, ओटीपोटात जडपणा किंवा खाली ओढल्यासारखं वाटणं, दुखणं, यातलं काही असेल तर आधी ते. ओटीपोटाच्या तळाचे स्नायू तपासणारे फिजिओ असतात, त्यांच्याकडे एकदा जाऊन या. लाजू नका, माझ्यासारख्या रुग्णालयात काम करणारीनेही चार महिने लाजण्यात घालवले. तोवर चाला. टेकडी चढत चालणं हाही ट्रेलचाच सराव आहे, रेसमध्ये निम्मे लोक चढावर चालतच असतात.

बाबागाडी घेऊन पळायचा विचार असेल तर बाळ किमान सहा महिन्यांचं होऊ दे, मान नीट धरायला लागू दे, आणि डॉक्टरांना विचारून. तीही पळण्यासाठी बनवलेली तीन चाकी, मनगटाला पट्टा बांधून, गुळगुळीत रस्त्यावर. दगडधोंड्यांच्या वाटेवर बाळाला न्यायचं नाही.

दुर्बीण | मंगळवार, दुपारी ३:१०

जास्मिन पॅरिसची गोष्ट ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: जानेवारी २०१९ मध्ये ब्रिटनमधली स्पाइन रेस, २६८ मैल म्हणजे सुमारे ४३० किमी, ऐन हिवाळ्यात. तिची मुलगी तेव्हा १४ महिन्यांची. थांब्यांवर ती दूध काढत होती आणि ८३ तास १२ मिनिटांत बायका-पुरुष सगळ्यांत पहिली आली. २०२४ मध्ये बार्कली मॅरेथॉन (नावाला मॅरेथॉन, प्रत्यक्षात अमेरिकेतली सुमारे १०० मैलांची डोंगररेस) पूर्ण करणारी पहिली स्त्री झाली, ६० तासांची मुदत संपायला ९९ सेकंद शिल्लक असताना. तेव्हा तिला दोन मुलं होती.

पळणाऱ्याची_बायको | मंगळवार, दुपारी ४:००

थोर आहेच. पण ८३ तास बाळ कोणाकडे होतं ते कोणी लिहीत नाही.

ओली_बाळंतीण | मंगळवार, दुपारी ४:२०

पुरुषांबद्दल हा प्रश्न कोणी विचारत नाही मात्र.

पळणाऱ्याची_बायको | मंगळवार, दुपारी ४:२३

मी विचारतेय ना. अकरा वर्षं.

रात्रपाळी | मंगळवार, सायंकाळी ५:४५

मला त्या गोष्टीपेक्षा सोफी पॉवर या ब्रिटिश धावपटूचा फोटो जवळचा वाटतो. २०१८, मों ब्लांभोवतीची १७० किमीची रेस, कुर्मायरच्या थांब्यावर ती तीन महिन्यांच्या बाळाला पाजतेय आणि शेजारी एक पुरुष धावक पाय वर करून आडवा पडलाय. ती काही पराक्रम दाखवायला गेली नव्हती. दुखापत झाली तर जागा पुढच्या वर्षी नेता यायची, गरोदरपणासाठी ती सोय नव्हती, म्हणून आली होती. त्यानंतर तिने त्यासाठी आवाज उठवला आणि पुढे नियम बदलले. त्यामुळे तुम्ही नाव घातलेल्या रेसची जागा पुढे नेता येते का, ते आधी विचारून घ्या. अकराव्या आठवड्यात बाकी काही सिद्ध करायचं नसतं.

ओली_बाळंतीण | मंगळवार, रात्री १:५०

विचारलं, मिळतेय पुढे. (वेळ बघू नका, पाजतेय.)

---

निवृत्त_टाच | बुधवार, सकाळी ७:३०

वय ६१. माझी मुलं लहान होती तेव्हा घड्याळात नकाशा नव्हता, मोबाइलही नव्हता, त्यामुळे उशीर झाला की सरळ बोलणी खायची.

एक युक्ती मला फार कामी आली. कुठे बाहेर जायचं असलं की मी ठिकाण असं सुचवायचो, जिथे मध्ये डोंगर आहे. घरचे गाडीने वळसा घालून जायचे, मी पहाटे निघून डोंगरावरून. दोघांनी साधारण एकाच वेळी पोचायचं. मला अडीच तास मिळायचे, घरच्यांचा एक मिनिट जायचा नाही, येताना मी गाडीत झोपायचो. मुलांना तर तो खेळ वाटायचा, बाबा आधी की आपण आधी. पाव शतकानंतरही माझा मुलगा त्यात जिंकल्याच्या गोष्टी सांगतो, त्यातल्या निम्म्या खोट्या आहेत.

दुसरं, मुलं सातेक वर्षांची झाली की त्यांना टेकडीवर न्यायचं. पळवायचं नाही. एक झाड ठरवायचं, मुलांनी खाली बसून वेळ मोजायची, आपण झाडापर्यंत जोरात चढून चालत खाली यायचं. आठ-दहा वेळा. मुलं फार कडक पंच असतात, झाडाला हात लागला नाही तर फेरी बाद करतात.

घसारा, मात्र तुमच्या ५० किमीबद्दल सांगायचं तर दुर्बीणच्या हिशेबाने ते ७५ होतात. आठवड्याला पाच तासांत ते पूर्ण होईल का? होईल, कटऑफ (रेस संपवायची मुदत) बरा असेल तर. मजा येईल का? मला शंका आहे.

उताराचा_राजा | बुधवार, सकाळी ९:१०

काका, पाच तासांवर मी दोन ५० केल्यात. मजा दुसऱ्या दिवशी येते.

निवृत्त_टाच | बुधवार, सकाळी ९:२५

तुमच्या घरच्यांना विचारून सांगा.

आडवाट | बुधवार, दुपारी १२:४०

मी मधली बाजू घेते. रेस ठेवा, पण सहा तासांच्या लाँग रनच्या मागे लागू नका. तेवढा सलग वेळ घरात नाही, तर नाही. शनिवारी पहाटे दीड तास जिना किंवा टेकडी आणि रविवारी दोन तास डोंगर. रविवारी पाय आधीच दमलेले असतात, त्यामुळे सरावाच्या मानाने पाय चांगले तयार होतात. रेसआधी सहा आणि तीन आठवड्यांवर दोन मोठे दिवस घरी मागून घ्या, वर सांगितलेल्या 'सहांपैकी' दोन. आठवड्यातल्या मधल्या दिवशी एकदा तासभर हळू, इतकं हळू की फोनवर बोलता आलं पाहिजे. मी आईला याच वेळात फोन करते. तिला वाटतं मी चालायला जाते.

---

घसारा | साडेपाच आठवड्यांनी, शनिवार, सकाळी ९:२०

कळवायचं राहून जात होतं.

वही झाली. माझे पाच तास घराचे तेरा निघाले. गाडीचा वेळ सगळ्यात मोठा, आठवड्याला साडेतीन तास. म्हणून डोंगर पंधरवड्यातून एकदाच ठेवला. बाकी सगळं घरामागच्या टेकडीवर, जिथे मी तीन वर्षं "त्यात काय आहे" म्हणून गेलोच नव्हतो. एका फेरीला ९० मीटर चढ. आठ फेऱ्या केल्या की जवळजवळ तोच रविवारचा डोंगर, आणि दर फेरीला घराच्या गॅलरीतून मुलगा हात हलवतो. सहाव्या फेरीला तो कंटाळून आत जातो.

टेकडीच्या उताराला एक मुळी आहे, उजव्या पायाने ओलांडायची. पहिल्या आठवड्यात दोनदा तिने पाडलं. आता अंधारातही पाय आपोआप उचलला जातो.

परतायची वेळ आता माझ्या ७:५० च्या हिशेबाने काढतो, त्यात वीस मिनिटं घालतो आणि मुलगी ती फ्रिजवर लिहिते. काळजीची वेळ ती लाल पेनाने लिहिते, आपण होऊन. मागच्या रविवारी डोंगरावर ४० मिनिटांचा गजर वाजला तेव्हा खिंड समोर होती, शंभर पावलं असतील. वळलो. शिव्या दिल्या, पण वळलो. ८:५५ लिहिलं होतं, ८:४१ ला दारात. बायको म्हणाली, "एवढ्या लवकर? मी अजून बाहेर पडायची तयारी नाही केली."

रेस आहे अजून. मोठा दिवस पुढच्या महिन्याच्या दुसऱ्या रविवारी मंजूर झालाय. त्याच्या आदल्या रविवारी तिचा आहे. कुठे जाणार ते सांगत नाहीये.

---

पळणाऱ्याची_बायको | शनिवार, सकाळी १०:०५

विचारूही नका.

बूट कुठे काढता सध्या?

घसारा | शनिवार, सकाळी १०:११

जिन्यात. आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून. काल मुलाने त्यातला एक उलगडून वाचायला घेतला, चिखलासकट, दिवाणखान्यात.

रात्रपाळी | शनिवार, सकाळी १०:३०

बोळे दोन तासांनी बदला, नाहीतर आतला ओलावा तसाच राहतो. आणि आतला तळवा काढून वेगळा वाळवा.